एक्याऐंशी आणि चौतीस

कल्याणीला आधी वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली असणार.

रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं काम करत होती. एका नळीवरची चिठ्ठी दुसऱ्या नळीवर लागली की काय गोंधळ होतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. न्यायालयाकडून आलेल्या पत्रात दोन नावं होती आणि नावांपुढे दोन आकडे. कल्याणी वानखडे, एक्याऐंशी. विमल वानखडे, चौतीस. तिने पत्र दोनदा वाचलं आणि त्याच दिवशी फेरतपासणीचा अर्ज केला. दहा दिवसांनी उत्तर आलं. नमुने बरोबर होते. आकडेही तेच.

गेलेला माणूस कल्याणीचा नवरा होता. विमलताईंचा तो एकुलता एक मुलगा. बायकोची हानी एक्याऐंशी आणि जन्मदात्या आईची चौतीस, हे तिच्या गळी उतरेना.

हर्षल वानखडे बेल्जियममधल्या लूवन शहरात चिप-संशोधनाच्या कामात होता. तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला, तो कालव्याकाठच्या रस्त्याने सायकलवरून घरी निघाला होता. मागून आलेल्या डिलिव्हरी व्हॅनने त्याला उडवलं. व्हॅन चालवणारा यास्पर मार्टेन्स चोवीस वर्षांचा होता आणि प्यायलेला होता. तो तिथून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला पकडलं तेव्हा तो म्हणाला, काहीतरी लागल्यासारखं वाटलं, पण कचऱ्याचा डबा असेल असं समजून मी थांबलोच नाही. खटल्यात तो याच जबाबावर ठाम राहिला, आणि तो खोटा ठरवायला कुणाकडेही काही नव्हतं.

शवविच्छेदनात एवढं निघालं, की हर्षल कडेच्या गवतात चाळीस मिनिटं जिवंत होता. रुग्णवाहिकेचं ठाणं तिथून चार मिनिटांवर होतं. त्या चाळीस मिनिटांत कल्याणी घरात त्याच्यावर चिडलेली होती. "आजही उशीर? मग सकाळी सांगत जा ना," असा निरोप तिने त्याला पाठवला होता.

विमलताई दर्यापूरहून अंत्यविधीसाठी आल्या आणि राहिल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलेली बाई. सून दिवसदिवस जेवत नाही हे त्यांनी आठवड्याभरात ताडलं आणि परतीचं तिकीट रद्द केलं.

आता या आकड्यांविषयी सांगायला हवं. युरोपातल्या न्यायालयांत एके काळी, ज्याच्यावर गुन्हा घडला त्या माणसाला साक्षीदाराच्या खुर्चीपलीकडे जागा नव्हती. खटला सरकार आणि आरोपी यांच्यात चाले. पुढे ही परिस्थिती बदलली. पीडिताला स्वतःचा वकील मिळाला, न्यायालयापुढे बोलायचा हक्क मिळाला, कैद्याला सोडण्याआधी पीडिताचं म्हणणं ऐकायची पद्धत आली. पण त्यातून एक नवाच प्रश्न उभा राहिला. जो चांगलं बोले, त्याचं दुःख न्यायालयाला मोठं वाटे. ज्याला भाषा येत नव्हती, ज्याला चारचौघांत रडता येत नव्हतं, त्याचं दुःख लहान ठरे. हा अन्याय दूर करायला म्हणून हानी-निर्देशांक आला.

त्यामागचं विज्ञान तसं सरळ होतं. माणसाचा केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो आणि वाढताना रक्तातलं ताणाचं संप्रेरक स्वतःत साठवत जातो. मानेजवळून कापलेल्या सहा सेंटिमीटरच्या बटेत मागच्या सहा महिन्यांचा ताण ओळीने लिहिलेला असतो. नवी यंत्रं तो आठवड्याआठवड्याने वाचू शकत. जोडीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या जात. मोठ्या आघातानंतर माणसाच्या जनुकांवर काही रासायनिक खुणा बसतात. माणूस सावरू लागला की त्या पुसट होतात, नाही सावरला तर खोल होत जातात. या दोन्हींवरून शून्य ते शंभर असा एक आकडा निघे. त्याला बोलता येणं किंवा न येणं, रडू येणं किंवा न येणं याच्याशी देणंघेणं नव्हतं.

शिक्षेचे मग दोन भाग झाले. कृत्यासाठी ठरलेला भाग आणि हानीसाठी बदलता भाग. यास्परला तीन वर्षांचा ठरलेला तुरुंगवास झाला होता आणि तो येत्या मार्चमध्ये संपत होता. त्या वेळी पीडितांच्या आकड्यांची सरासरी साठच्या वर असेल, तर आणखी चार वर्षं. साठच्या खाली असेल, तर तो अटींवर सुटू शकत होता.

एक्याऐंशी आणि चौतीस यांची सरासरी साडेसत्तावन्न.

"मार्ग आहे," त्यांची वकील लीसबेत म्हणाली. दोघी तिच्या कार्यालयात बसल्या होत्या. विमलताईंच्या कानात दुभाषी यंत्र होतं. ते डच वाक्य संपता संपता मराठीत सांगे. "श्रीमती वानखडे मोजणीतून माघार घेऊ शकतात. मग फक्त कल्याणीचा आकडा धरला जाईल. एक सही करायची, बस्स."

"म्हणजे तो चार वर्षं आतच राहील?" कल्याणीने विचारलं.

"हो."

कल्याणीने सासूकडे पाहिलं. विमलताईंनी चष्मा पुसला, कागद जवळ ओढला आणि यंत्राला तो वाचून दाखवायला सांगितला. शेवटच्या वाक्यावर त्यांनी हात वर केला. "थांब. ते पुन्हा सांग."

यंत्राने पुन्हा सांगितलं. *या गुन्ह्यामुळे माझी मोजण्याजोगी हानी झालेली नाही, असे मी जाहीर करते.*

विमलताईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी नाई लिहून देणार."

"ती केवळ कायद्याची भाषा आहे," लीसबेत म्हणाली.

"असंल बाई. पण माह्यं नाव त्याच्याखाली येईल ना?"

 घरी आल्यावर, दार लागताच कल्याणीला राहवलं नाही.

"आई, मी तीन वर्षं काय करते आहे ते तुम्हाला दिसत नाही का? डॉक्टरांनी झोपेचा उपचार सुचवला, मी नाही म्हटलं. आठवणींची धार कमी करणारं औषध देत होते, तेही नाही घेतलं. का? तर खुणा पुसट होतील म्हणून. मोजणीच्या आधी महिनाभर मी रोज त्याचे व्हिडिओ लावते. रोज! तो हसतो, मला हाक मारतो, आणि मी ते बघत बसते. मंडळाच्या गणपतीला जात नाही, कुणाकडे जेवायला जात नाही. चुकून बरं वाटलं तर काय घ्या! आणि तुम्ही? तुम्ही त्या शेजारच्या खोडेलीव्हबाईबरोबर तिच्या मळ्यात मेथी लावता. परवा दोघी कसल्यातरी गोष्टीवर पोट धरून हसत होतात. मी खिडकीतून बघितलं."

विमलताई खुर्चीवर बसल्या. "हसलो खरं."

"तुमचा मुलगा होता तो!"

हे बोलल्यावर कल्याणीलाच कसंसं झालं. पण तिने ते मागे घेतलं नाही.

विमलताईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हर्षलच्या आधी मले एक पोरगी झाली होती. दीड वर्षाची होऊन गेली, गॅस्ट्रोनं. मी दुसऱ्यांच्या लेकरांना सलाईन लावत होतो आणि माही घरी गेली. तुले कधी सांगितलं नाई. हर्षललेही फारसं नाई. तेव्हा मी दोन वर्षं तुह्यासारखीच होतो. मग एक दिवस उठलो आणि ड्युटीवर गेलो. ती काही कमी झाली नाई त्याच्यानं. अजून हाये. तिच्या कानामागं एक तीळ होता, तो आत्ता माह्या डोळ्यापुढं हाये. पण तुह्या त्या यंत्राले ते दिसत असंल असं मले वाटत नाई."

"मग तुमचा आकडा खोटा आहे असंच म्हणा ना कोर्टात!"

"खोटा काहून म्हणू? मले झोप लागते. भूक लागते. चौतीस तर चौतीस."

कल्याणी तिच्या खोलीत निघाली. विमलताईंनी तिला थांबवलं.

"कल्याणी, बस. एक गोष्ट तुले सांगायची राहिली हाये. राहिली म्हणजे, मीच नाई सांगितली."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत विमलताई यास्परला भेटल्या होत्या. इथल्या कायद्यात तशी सोय होती. दोन्ही बाजू तयार असतील तर तुरुंगातल्या एका खोलीत मध्यस्थाच्या समोर बसून बोलता येई. यास्परने दोघींनाही पत्र पाठवलं होतं. कल्याणीने ते न वाचता फाडून टाकलं होतं. विमलताईंनी उत्तर दिलं होतं.

"तुम्ही त्याला भेटलात?" कल्याणीचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि वर्षभर मला बोलला नाहीत?"

"मले फक्त ती चाळीस मिनिटं विचारायची होती. दुसरं काही नाई. आधी तो तेच डब्याचं सांगत बसला. मी म्हटलं, बाबू, मी नर्स हाये, मी हजार माणसं खोटं बोलताना पाह्यली हायेत, दारू प्यायलो नाई म्हणणारी. मी काही लिहून घेत नाई. मंग तो रडला. मंग म्हणाला, मी थांबलो होतो."

कल्याणी उभीच होती.

"खाली उतरला होता तो. गवतात गेला. हर्षल शुद्धीवर होता. काहीतरी बोलत होता. यानं फोन हातात घेतला, आणि मंग वाटलं, तोंडाले दारूचा वास हाये, आता सगळं गेलं. आणि पळाला. मी विचारलं, काय बोलत होता माहा पोरगा? तर म्हणे, तुमच्या भाषेत होतं, मले समजलं नाई. पण कानात बसलं हाये. मी म्हटलं, करून दाखव आवाज." विमलताई थांबल्या. "त्यानं करून दाखवला. आयगं, आयगं. असं."



"त्या दिवसापासनं मले झोप लागते," विमलताई म्हणाल्या. "काहून लागते ते मले नाई सांगता येत. माहा पोरगा एकटा पडून होता असं वाटायचं. त्यानं मले हाक मारली होती. मी तिथं नव्हतो, पण हाक तर मारली. तुले मी सांगितलं नाई, कारण... त्यानं तुह्यं नाव घेतलं असतं ना, तर त्याच दिवशी येऊन सांगितलं असतं."

कल्याणी खाली जमिनीवर बसली. तिला राग यायला हवा होता. तो आला, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं.

"दाराला करंगळी लागली तरी 'आई गं' असंच म्हणायचा," ती म्हणाली. "मी चिडवायचे त्याला. चाळिशी आली तरी 'आई गं'." आणि मग तिने तोंडावर हात घेतला.

विमलताई उठून तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

थोड्या वेळाने कल्याणीतली प्रयोगशाळेतली बाई जागी झाली. "म्हणजे तो कोर्टात खोटं बोलला. तो जिवंत आहे हे त्याला माहीत होतं. आई, हा वेगळा गुन्हा आहे! हे सांगितलं तर आकड्यांची गरजच नाही!"

तिने लगेच लीसबेतला फोन लावला. लीसबेतने सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा टाकला. मध्यस्थीच्या खोलीत बोललेलं न्यायालयात वापरता येत नव्हतं. तसं नसतं तर तिथे कुणी खरं बोललंच नसतं. "तो स्वतः बोलला तरच. आणि सुटकेच्या सुनावणीत तो स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेईल?"

कल्याणीने फोन ठेवला. "तुम्ही त्याला काही म्हणालात का? कोर्टात सांग म्हणून?"

"म्हटलं होतं. हे तू सगळ्यांपुढं सांगशील त्या दिवशी तुहा तू सुटशील."

"मग?"

"मंग काही नाई. तो खाली पाहत बसला."

सुनावणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होती. मधल्या महिन्यात दोघींनी माघारीच्या कागदाचा विषय काढला नाही. एकदा कल्याणी तो कागद हातात घेऊन सासूच्या खोलीच्या दारापर्यंत गेली होती. विमलताई आत वाकून खोडेलीव्हबाईने दिलेली कांद्याची रोपं निवडत होत्या. कल्याणीने त्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि ती परत फिरली. कागद तिने लीसबेतला बिनसहीचाच पाठवून दिला. त्याबरोबर स्वतःचं चार पानी निवेदन पाठवलं. ते तिने न्यायालयापुढे वाचायचं होतं.

न्यायालयाची खोली लहान होती. मध्ये न्यायाधीश बाई, दोन्हीकडे एकेक सहकारी. यास्पर आला तेव्हा कल्याणीने त्याला तीन वर्षांनी पाहिलं. तो जाड झाला होता. केस कपाळावरून मागे हटले होते. तो सत्तावीस वर्षांचा होता हे तिला मुद्दाम आठवून घ्यावं लागलं.

त्याच्या वकिलाने थोडक्यात सांगितलं. वागणूक चांगली, दारू सुटली, सुताराचं काम शिकला, आकड्यांची सरासरी साठच्या खाली. कायद्याने लावलेली अट पूर्ण झाली आहे.

न्यायाधीश बाईंनी विमलताईंना विचारलं, त्यांना काही म्हणायचं आहे का. विमलताई उभ्या राहिल्या. दुभाषी यंत्र आता त्यांचं मराठी डचमध्ये सांगू लागलं.

"माहा आकडा चौतीस आला. तो बरोबर हाये. मी खातो, झोपतो, मळ्यात जातो. पण त्याच्यावरून माहा पोरगा माह्यासाठी चौतीस इतकाच होता असं कोणी समजू नये. एवढंच."

त्या बसल्या. न्यायाधीश बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग त्या यास्परकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

त्याच्या वकिलाने नकारार्थी मान हलवली होती. तसं आधीच ठरलेलं दिसत होतं. पण यास्पर उभा राहिला. त्याने समोरच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरलं.

"मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "कचऱ्याचा डबा वगैरे. मी थांबलो होतो. खाली उतरलो होतो. तो जिवंत होता."

त्याचा वकील ताडकन उठला. न्यायाधीश बाईंनी त्याला बसायची खूण केली आणि यास्परला सावकाश सांगितलं, की या बोलण्याचे परिणाम तुम्हाला भोगावे लागतील, तुम्ही थांबू शकता. तो थांबला नाही. फोन हातात घेतला होता, नंबर लावला नाही, हे त्याने सांगितलं. गाडीपर्यंत परत जाताना मागे वळून पाहिलं होतं, हेही.

आता कल्याणीची पाळी होती. चार पानं तिच्या हातात होती. ती उलटी टेबलावर ठेवून तिने विचारलं, "मला निवेदन वाचायचं नाही. याला एक प्रश्न विचारता येईल का?"

न्यायाधीश बाईंनी परवानगी दिली.

"तू त्याच्याजवळ किती वेळ होतास?"

यास्परने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "माहीत नाही. दोन मिनिटं असतील. मी त्याचा हात धरला होता." तो थांबला. "म्हणजे, त्यानेच माझा धरला. घट्ट. मला सोडवून घ्यावा लागला."

कल्याणी उभी होती तशीच राहिली. लीसबेतने तिच्या कोपराला हात लावला, तेव्हा कुठे ती बसली. गेली तीन वर्षं ती त्या गवतात पडलेल्या हर्षलजवळ दुसरं कुणी कल्पूच शकली नव्हती. आता तिथे हा होता. ज्याने मारलं, आणि ज्याचा हात हर्षलने धरला होता, तो एकच माणूस होता. हे तिच्याने धड सहनही होईना आणि नाकारताही येईना.

न्यायालयाने अर्ध्या तासाने निर्णय सांगितला. आकड्यांनुसार सुटका शक्य होती. पण कृत्य जसं समजून शिक्षा दिली होती, तसं ते नव्हतं. अर्ज फेटाळला. नव्या कबुलीची चौकशी सरकारी वकील करतील. निदान आणखी दीड-दोन वर्षं तरी यास्पर बाहेर येणार नव्हता. निर्णय ऐकताना त्याने डोळे मिटले होते. त्याला नेताना विमलताई त्याच्याकडे बघून मान हलवत होत्या. ती शाबासकी होती की निरोप, हे कल्याणीला कळलं नाही. तिने त्याला क्षमा केली नाही. तशी कुणी तिच्याकडे मागितलीही नव्हती.

बाहेर लीसबेत खुशीत होती. "आकड्याने मिळालं असतं तसं तुम्हाला आकड्याशिवाय मिळालं! आणि आजचा ताण पुढच्या बटेत दिसेलच. सहा महिन्यांनी आपण..."

"पुढच्या मोजणीला मी येणार नाही," कल्याणी म्हणाली.

"का?"

"मला उपचार सुरू करायचे आहेत."

 लीसबेतने कल्याणीचा हात हातात घेऊन दाबला आणि ती निघून गेली.

दोघी घरी जायच्या बसमध्ये चढल्या. दुपारचे तीन वाजले होते. बस जवळजवळ रिकामी होती आणि उजवीकडच्या काचांमधून ऊन आत आलं होतं. दोन थांबे गेल्यावर कल्याणीचं डोकं विमलताईंच्या खांद्यावर टेकलं. विमलताईंना वाटलं, ती रडते आहे. त्यांनी वाकून पाहिलं. तिचा जबडा सैल झाला होता, तोंड थोडं उघडं होतं. ती गाढ झोपली होती.

त्यांचा थांबा आला. दार उघडलं, थोडा वेळ उघडं राहिलं आणि बंद झालं. विमलताई हलल्या नाहीत. बस वस्ती ओलांडून गेली, शेतं लागली, मग एका गोदामापाशी शेवटचा थांबा आला. चालक बाई मागे आली आणि डचमध्ये म्हणाली, की बस इथेच संपते, उतरावं लागेल.

विमलताईंनी दुभाषी यंत्र पर्समध्ये ठेवून दिलं होतं. ते काढायचं तर खांदा हलवावा लागला असता. तीन वर्षांत शिकलेल्या चार डच शब्दांतले दोन त्यांना आठवले. अजून थोडं, असा त्यांचा अर्थ होता.

"नॉग एव्हन," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

चालक बाईने झोपलेल्या कल्याणीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग ती पुढे गेली, तिने इंजिन बंद केलं आणि डबा उघडून जेवायला बसली.